पेटीवाल्याने केलेली खुर्ची

दारात कुणी आलं की घरातली माणसं पाणी विचारतात. मी आलो की आधी आतल्या खोलीत जाऊन आजाऱ्याचा श्वास चालू आहे ना ते बघून येतात, मग मला पाणी विचारतात. त्यांचा दोष नाही. पुष्कळ वर्षं झाली, आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, कुणी गेलं की दफनाची पेटी मी करतो. अशा माणसाच्या खिशातून मापाची टेप डोकावत असेल तर लोक दचकणारच.

यंदा नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी गळ घातली, ‘आपल्या मंडळीनं हातांनी केलेल्या सेवेबद्दल लिहा.’ मी विचारलं, साधलेल्या कामांबद्दल लिहू की फसलेल्या? त्या म्हणाल्या, साधलेल्या. म्हटलं, मग पानभरसुद्धा होणार नाही. तेव्हा फसलेल्यांसकट लिहितो, आणि मुख्यतः एका खुर्चीबद्दल लिहितो. ती सलीमभाई टेलरसाठी होती. दुकानातल्या माळ्यावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला हा माणूस पुन्हा शिलाई मशीनवर बसतो की जन्मभर खाटेवर पडून राहतो, एवढाच प्रश्न होता. आणि देवाने तो माझ्यासारख्याच्या हातात दिला. देवाला विनोदाचं अंग आहे, याबद्दल मला तेव्हापासून शंका राहिलेली नाही.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ समजेल. नोकरी केली अंबडच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात. मशीन तयार झालं की त्याच्याभोवती लाकडी खोकं ठोकायचं, वर ‘हा भाग वर’ म्हणून बाण काढायचा आणि ट्रकमध्ये चढवायचं. दिवसा यंत्रांची खोकी, आणि मंडळीत मयत झाली की घरी येऊन माणसांची. दोन्हीकडे एक सुख होतं. गेलेला माल परत येत नाही.

पेटीला मापं दोनच लागतात, डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी आणि खांद्याची रुंदी. त्यात सगळीकडून चार बोटं सैल धरायचं, प्लायवूड कापायचं, आतून पांढरं कापड, बाहेरून काळं, वर क्रूस. वेळ थोडा असतो, नातेवाईक मनमाडच्या गाडीने येतायत की पुण्याच्या, त्यावर सगळं. टिकाऊपणाचा प्रश्न नाही. घरापासून कबरस्थानापर्यंत पोचली की तिचं काम झालं. शिवाय एकाही गिऱ्हाइकाने आजवर तक्रार केलेली नाही. हे वाक्य मी माझ्या निरोप समारंभात मोठ्या ऐटीत बोललो होतो. सगळे गप्प बसले. आमची सुशीला, म्हणजे माझी बायको, तेवढी कपाळाला हात लावून बसली.

हळूहळू टेपचीही गरज उरली नाही. उपासनेला मी मागच्या बाकावर बसतो. पुढे खांदेच खांदे दिसतात. उपदेश जरा लांबला की नजर आपोआप मोजायला लागते. त्यात वाईट हेतू नसतो हो, सोनार नाही का बायकांच्या गळ्याकडे बघत, तसंच. पण एकदा मी कुणाला तरी म्हणालो, ‘तुमचे खांदे जरा उतरलेत का हो?’ तेव्हापासून माझ्या पुढचे दोन बाक रिकामे असतात. लग्न ठरलेली मुलं तर माझ्याकडे पाठसुद्धा करत नाहीत.

तर अशा या माणसाला सेवेत कुणी ओढलं? आमच्या नव्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी. वय कमी, उत्साह दांडगा. ते येण्याआधी आमची सेवा म्हणजे दर डिसेंबरात ब्लँकेटं घेऊन जीपने सुरगाण्याच्या डोंगरात जाणं. पाळकसाहेबांच्या पहिल्या वर्षी आम्ही असेच एका पाड्यावर गेलो. गाणं म्हटलं, प्रार्थना केली, फोटो काढले. एका म्हातारीने आम्हाला नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, आणि ब्लँकेटांकडे बघून म्हणाली, ‘लय गुण झाले. ठेवा तिकडं, कालच्यांच्या बाजूला.’ बघतो तर कोपऱ्यात घडी न मोडलेल्या ब्लँकेटांची चळत! आमच्या आधी कोण कोण येऊन गेलं होतं देव जाणे. भाकरी मात्र उत्तम होती, मी दोन खाल्ल्या. म्हणजे त्या दिवशी सेवा झाली ती आमचीच.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सभा घेतली. ‘आता वाटप बंद. हातांनी काय करता येईल ते सांगा.’ सूचनांचा पाऊस पडला. गायन स्पर्धा घ्यावी, भिंतींवर वचनं रंगवावीत, एकाने तर सेवेवर परिसंवाद सुचवला. मग गायकवाड सिस्टर उठल्या. या आमच्या निवृत्त परिचारिका. साऱ्या नाशकातल्या आजाऱ्यांना सुया टोचून झाल्यावरही त्यांचा आवाज वॉर्डातलाच राहिलाय. म्हणाल्या, ‘दवाखान्यातून माणूस वाचून घरी येतो, आणि घरी येऊन सडतो. त्याला टेकून बसायला काही नाही, संडासाला बसवायला खुर्ची नाही, उंबरा ओलांडायला उतार नाही. विकतचं मिळतं ते कुणाच्या घरात मावत नाही. हे सगळं सुतारकाम आहे.’ आणि सगळी मंडळी मान वळवून मागच्या बाकाकडे बघायला लागली. इतके दिवस नजर चुकवणारे लोक! मला भरून आलं. त्या भरात मी ‘हो’ म्हणालो. आलिया भोगासी, दुसरं काय.

पहिलंच काम एका आजीचं. मांडी मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना पाठीला टेकवण द्यायचं होतं. मी दारात उभा राहिलो, टेप काढली, आणि सुनेने हंबरडा फोडला, ‘आहेत हो अजून, आहेत!’ त्या आवाजाने आजी, ज्या महिनोन्‌महिने कुणाच्या आधाराशिवाय उठल्या नव्हत्या, त्या कोपरांवर भार देऊन ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘त्याला आधी बाहेर काढा.’ पाळकसाहेबांना वार्षिक अहवालात हा चमत्कार म्हणून घालायचा होता. सिस्टर म्हणाल्या, घाला, पण त्यात सुताराचं नाव नको.

दुसरं काम सिडकोत एका गृहस्थांच्या दारात उतार बांधण्याचं. तो इतका सुबक झाला, की आठवड्याभरात आख्ख्या गल्लीच्या स्कूटर त्यावर लागायला लागल्या, आणि ते गृहस्थ खिडकीत बसून त्यांची राखण करायला लागले. मी फार हळहळलो. ते म्हणाले, ‘असू द्या हो, दिवसभर कुणी ना कुणी चावी ठेवायला नाही तर मागायला येतं, बरं वाटतं.’ मग तेही काम आम्ही साधलेल्यांत धरलं. आमच्यात हिशेब असा सढळ आहे.

सलीमभाईंचं नाव सिस्टरनीच आणलं. जुन्या नाशकात, एका बोळाच्या तोंडाशी त्यांचा गाळा; पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. आमच्या गायकवृंदाचे झगे वर्षानुवर्षं त्यांनीच शिवलेले. पडल्यानंतर दवाखाना झाला, घरी आणलं, आणि तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर होते. हात शाबूत, डोळे शाबूत, पण बसवलं की कलंडत. पुढे मशीनवर चादर टाकलेली. आणि गाळामालकाने निरोप ठेवला होता, की दुकान बंदच राहणार असेल तर रमजान लागायच्या आधी रिकामं करा, मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण मागे लागलाय. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याचंही बरोबरच होतं. ईदच्या शिलाईचा हंगाम म्हणजे सलीमभाईंचं निम्मं वर्ष. तेवढ्यात ते मशीनवर बसले तर दुकान राहणार होतं, नाही तर दुकानही जाणार होतं आणि त्यामागोमाग बाकीचंही.

हमीदाभाभींनी, त्यांच्या बायकोने, दार उघडलं. त्या आम्हाला ओळखत होत्या, हसून आत नेलं. सलीमभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली, सिस्टरना बघितलं, मला बघितलं, माझ्या हातातली टेप बघितली.

‘नाप लेने आये काका? अजून टाइम आहे मला.’

‘अहो, तसं नाही...’

‘आणि आमच्यात पेटी लागत नाही. कफनाला तर टाकापण घालत नाहीत. शेवटच्या कपड्यात टेलरला काम नाही बघा. तुमच्यात सुताराला शेवटपर्यंत काम. नशीब असतं एकेकाचं.’

एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले. भाभी पदराने डोळे टिपत हसत होत्या. मला म्हणाल्या, ‘काका, पंधरा दिवसांत पहिल्यांदा इतकं बोलले.’ मला वाटलं, चला, सुरुवात तर झकास झाली. मी माप घेतलं. कसं घेतलं? जन्मभर घेतलं तसंच. झोपलेल्या माणसाची डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी, खांद्याची रुंदी, सगळीकडून चार बोटं सैल. सिस्टर भाभींना पाठीच्या जखमांबद्दल समजावत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. असतं तर हा लेख इथेच संपला असता.

खुर्ची मी जीव ओतून केली. आमच्या अंगणात सुशीला येता-जाता बघायची आणि काही बोलायची नाही, यातच मला कळायला हवं होतं. उंच पाठ, दोन्हीकडून खांद्यापर्यंत आलेल्या फळ्या, म्हणजे कलंडायला नको. कडा घासून गुळगुळीत. आतून पांढरं कापडसुद्धा लावलं. हाताला सवयच ती.

न्यायच्या दिवशी पाळकसाहेब, सिस्टर, गायकवृंदातले चौघे आणि मी अशी वरात बोळात शिरली. आमच्या मंडळीत गाणं, प्रार्थना आणि आभार यांच्याशिवाय नळाचा वॉशरसुद्धा बदलत नाहीत. चौघांनी सलीमभाईंना उचलून खुर्चीत ठेवलं. गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात ते नीट बसले होते. दुसऱ्यात इतके घसरले की हनुवटी छातीला टेकली. तिसऱ्या कडव्यापर्यंत ते खुर्चीतून निम्मे बाहेर घसरले होते आणि त्यांचे दोन्ही हात फळ्यांमध्ये अंगाला चिकटून अडकले होते. झालं होतं असं, की बसलेल्या माणसाला गुडघे असतात ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. माझ्या गिऱ्हाइकांना गुडघ्यात वाकायचं काम कधी पडलं नाही. बैठकीची फळी किती खोल हवी, ती मांडीच्या मापाने ठरते, आणि मांडी मी मोजलीच नव्हती. शिलाई करणाऱ्याला कोपरं बाहेर काढावी लागतात, हेही तसंच. मी त्या भल्या माणसासाठी एक पेटी केली होती आणि ती उभी करून तिला पाय लावले होते.

गाणं थांबलं. पाळकसाहेब आभाराचा कागद हातात धरून तसेच उभे. सलीमभाईंनी हनुवटी छातीवर टेकलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघितलं.

‘काका, झाकण घरी राहिलं काय?’

गायकवृंदातला एकजण फसकन हसला आणि मग सगळेच हसले, भाभीसुद्धा. सलीमभाई नाही हसले. ‘हमीदा, खाटेवर टाक मला,’ म्हणाले, आणि खाटेवर ठेवल्याबरोबर भिंतीकडे वळले. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. जाताना ऐकलं, भाभी हळूच सिस्टरना म्हणत होत्या, की कव्हरंवाला परवा येऊन दुकानाची लांबी-रुंदी बघून गेला.

घरी येऊन मी सुशीलेला सांगितलं, ‘मी सोडलं हे. मेलेल्यांचा माणूस आहे मी, तिथंच बरा.’

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘विचारलंत का त्यांना, कसे बसता, कुठं टेकता, हात किती पुढं जातो?’

‘नाही.’

‘का?’

का, ते मलाच तेव्हा समजलं. जन्मात मी गिऱ्हाइकाला काही विचारलंच नव्हतं. विचारणार कुणाला? ‘त्या माणसाला तोंड आहे,’ सुशीला म्हणाली. ‘तुमच्या तोंडावर झाकणाचं बोलला, म्हणजे चांगलं चालतंय ते. जा आणि विचारा. आणि गाणाऱ्यांना घरी ठेवा.’

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. सलीमभाई भिंतीकडेच होते. मी पाठीला म्हणालो, ‘सलीमभाई, मला जिवंत माणसाचं माप घेता येत नाही. तुम्ही टेलर आहात. सांगाल तसं करतो.’

मग भिंतीतून आवाज आला, ‘लिहून घ्या.’ आणि त्यांनी धडाधड सांगायला सुरुवात केली. कंबर इतकी, सीट इतकी, मांडी इतकी, गुडघा, पोटरी, बसल्यावर गुडघ्यापासून जमिनीपर्यंत इतकं. मी म्हटलं, टेप लावून एकदा बघू या का? तर वळून माझ्यावर खेकसले, ‘माझं माप मला पाठ आहे! वीस वर्षं माझी पँट मी शिवतो. तुम्ही काय मला माप शिकवता?’ त्या खेकसण्याने मला इतकं बरं वाटलं की मी टेप खिशात घातली. गडी धंद्यात आला, म्हटलं. पुढे कोपराला जागा किती, टेबल किती उंच, मशीनला मोटर लावली तर तिचं पायाचं पॅडल हाताखाली कसं घ्यायचं, सगळं तेच बोलत होते. भाभी चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या, कप निवला तरी आत येईनात.

दुसरी खुर्ची त्यांच्या शब्दाबरहुकूम केली. या वेळी मी, सिस्टर आणि भाभी, एवढेच. सलीमभाईंना बसवलं. घसरले नाहीत. कोपरं मोकळी. मी ‘वा’ म्हणायला तोंड उघडलं आणि ते डावीकडे कलंडले. सिस्टरनी सरळ केलं, तर उजवीकडे. दोन्ही बाजूंनी हात घालता येईल एवढी जागा रिकामी होती. मी घाईघाईने म्हणालो, ‘चुकलं, माझंच चुकलं, फळी जास्त रुंद कापली गेली.’ पण चुकलं नव्हतं. मी तीनतीनदा ताडून बघितलेलं होतं.

सलीमभाई त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. ‘हमीदा, टेप दे,’ म्हणाले. भाभींनी दुकानातून त्यांची टेप आणली. त्यांनी ती स्वतःच्या मांडीभोवती फिरवली, अंगठ्याने धरली आणि वाचली. पुन्हा फिरवली, पुन्हा वाचली. पाठ असलेलं माप पडण्याच्या आधीचं होतं. त्या पँटी घालणारा माणूस खाटेवर पडून पडून निम्मा झाला होता, आणि चादरीखाली काय उरलंय ते त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

‘इतकाच उरलो?’ ते म्हणाले. कुणाला विचारलं कुणास ठाऊक. भाभींनी तोंड फिरवलं. आणि सलीमभाई रडायला लागले. लहान मुलासारखे नाही, मोठ्या माणसासारखे, आवाज दाबून. मी मयताच्या घरात आयुष्य काढलंय, लोकांना रडताना बघायची मला सवय आहे. पण ते मागे राहिलेले लोक असतात. स्वतःसाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मीही रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी टेप माझ्याकडे फेकली. ‘घ्या काका. आता जे आहे त्याचं घ्या.’

माप घ्यायला मग आम्हाला सगळी सकाळ लागली. ते बसलेले, सिस्टर मागून धरून, मी जमिनीवर गुडघे टेकून. मी आकडा वाचला की ते ‘सैल धरू नका’ म्हणून ओरडायचे, कारण माझ्या हाताला चार बोटांची सवय. एकदा विसरून मी त्यांच्या खांद्याला टेप लावली, तर म्हणाले, ‘तिकडे आत्ता नको, नंतर बघू.’ या वेळी मात्र हसले. सिस्टरनी हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवलं, बसून बसून जखम होऊ नये म्हणून. म्हणजे हातांच्या फळ्या त्यांचं सगळं वजन पेलतील अशा हव्यात. पण त्या टेबलाखाली शिरायलाही हव्यात. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं यावर आम्हा दोघांची अशी जुंपली, की शेजारचे लोक भांडण सोडवायला आले.

तिसरी खुर्ची करताना माझी पंचाईत वेगळीच. आजवर एक दिवस टिकणारं काम केलेलं. ही रोज, वर्षानुवर्षं, हलत्या माणसाखाली टिकायला हवी. खिळे सोडून स्क्रू वापरले, सांध्यांना लोखंडी पट्ट्या दिल्या, आणि टिकते का बघायला स्वतः त्यात बसून हादरे दिले. सुशीलेने जाड गादी शिवली. शिवताना म्हणाली, ‘पांढरं कापड लावलंत तर बघा.’ मी निळं लावलं.

खुर्ची शनिवारी नेऊन ठेवली. सलीमभाईंनी बसून बघितलं, हात पुढे केले, मागे केले, अंग उचललं, पुन्हा टेकलं. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, मशीनवरची चादर भाभींनी काढलेली होती, मोटर बसवायला माणूस संध्याकाळी येणार होता. मी विचारलं, ‘ठीक आहे ना?’ ते म्हणाले, ‘चालवून बघितल्याशिवाय सांगत नाही.’ रमजान तोंडावर आला होता. त्या रात्री मला धड झोप लागली नाही. पेटी दिल्यावर मी कसा घोरत असे, याची सुशीलेने आठवण करून दिली.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी जाहीरच करून टाकलं, की आपण सगळे मिळून जाऊ. नको नको म्हणेपर्यंत निम्मी मंडळी चालायला लागलीसुद्धा. बायका रविवारच्या साड्यांत, गायकवृंद तयारीत, पाळकसाहेब पुढे. मी अगदी मागे. तिसऱ्यांदाही फसलं तर? साऱ्या मंडळीदेखत?

बोळात वळलो तर मशीनचा आवाज कानावर आला. चालू, बंद, चालू. दुकानाचं शटर पूर्ण वर. आत दोन बुरखेवाल्या बायका कापड घेऊन उभ्या, एक म्हातारा पायजम्याची नाडी दाखवत भाभींशी हुज्जत घालतोय. आणि सलीमभाई मशीनवर, खुर्ची टेबलाला भिडलेली, डावं कोपर पॅडलवर, तोंडात टाचण्या, नजर टाक्यावर. गळ्यात टेप.

आम्ही सगळे दुकानाच्या तोंडाशी थांबलो. इतकी माणसं त्या बोळात मावेनात, म्हणून पुढचे अजून पुढे सरकले. पाळकसाहेबांनी घसा साफ केला, हात वर केला. गायकवृंदाने श्वास घेतला. सलीमभाईंनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता ते काय म्हणतात, खुर्चीबद्दल, माझ्याबद्दल, कदाचित देवाबद्दलही, ते ऐकायला माझे कान आसुसले होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

‘काका, काही शिवायचंय?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आम्ही आपले...’

‘मग जरा बाजूला व्हा सगळे. उजेड अडतोय.’

पाळकसाहेबांचा हात वरचा वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मागच्यांना खूण केली. आम्ही सगळे, रविवारच्या कपड्यांत, बोळाच्या दोन्ही भिंतींना चिकटून उभे राहिलो. ऊन दुकानात शिरलं. मशीन पुन्हा सुरू झालं.